कवडीचा डावा डोळा

धाऊ पष्टे कोणावर विश्वास ठेवत नाही, हे मुरबाड तालुक्यात म्हसा गावाच्या अलीकडच्या त्याच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि धाऊला त्याचा अभिमान आहे. एसटीत बसला की तो आधी कंडक्टरला विचारतो, गाडी मुरबाडलाच जाते ना. मग शेजारच्या बाईलाही विचारतो, कारण कंडक्टरचं काय सांगावं. वाण्याकडून आणलेलं मीठ हे मीठच आहे का, ते जिभेवर ठेवून बघतो. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा पेंढा विकत घ्यायच्या निमित्ताने होणाऱ्या व्याह्यांच्या गावात हा माणूस इतक्यांदा जाऊन आला की तिथल्या लोकांना वाटलं, याच्या दारी हत्ती बांधलेला असणार. जावई चांगला निघाला. तरी तो सासरवाडीला आला की धाऊ अजून त्याच्याकडे तिरक्या नजरेनेच बघतो.

बायको भागी म्हणते, ह्यांना देवाने परसाद दिला तरी हे उघडून बघतील आत काय आहे.

जगात एकच जीव असा होता की ज्याच्या बाबतीत धाऊच्या मनात कधी किंतु आला नाही. ती म्हणजे कवडी, त्याची पांढरी घोडी. माथेरानला पाहुण्यांना पाठीवर घेऊन फिरणारी ती घोडी, मालकाने धंदा बंद केला म्हणून खाली उतरली. धाऊने तिचे दात बघितले, खूर उचलून बघितले, पोटाला कान लावला, चालवून बघितली, पळवून बघितली. मालक कंटाळून चहा प्यायला निघून गेला. तेवढ्यात घोडीने आपली हनुवटी धाऊच्या खांद्यावर टेकली आणि डोळे मिटले. झालं, आमच्या धाऊशेटचा सगळा संशय तिथल्या तिथे विरघळला.

तेव्हापासून तुळशीचं लग्न लागलं की पावसाळा येईपर्यंत कवडीला वराती असायच्या. मुरबाडपासून शहापूर, अगदी भातसानगरच्या कॉलनीपर्यंत. कानाशी डीजे वाजो, पायाशी फटाक्यांची माळ लागो, धाऊचा हात गालावर असला की कवडी हलायची नाही. पावसाळ्यात धाऊ भाताच्या खाचरात आणि कवडी बांधावर. माणसासारखं बोलायचा तिच्याशी. भागीशी जेवढा बोलायचा त्याहून जास्त, असं भागी सांगते, आणि त्यात खोटं काही नाही.

यंदा मार्गशीर्षात एका सकाळी कवडीचा डावा डोळा मिटलेला दिसला. पाण्याची धार लागली होती. धाऊने पापणी वर केली तर बुबुळावर निळसर धूर धरलेला.

वरातीच्या घोडीचा डोळा जाणं म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. काणी घोडी नवरदेवासमोर कोणी उभी करत नाही. बाया लांबूनच तोंड फिरवतात. काम गेलेल्या घोडीवर दलालाची नजर असते, आणि तो तिला कुठे नेतो हे कोणी कोणाला विचारत नाही. आणि भीती वाटली की या माणसाला दुसरं काही सुचत नाही, तो लगेच संशयित शोधायला लागतो.

पहिला नंबर लागला शेजारच्या लडकूचा. लडकू मुरबाडला जीप चालवतो. त्याने गेल्या वर्षी थट्टेत विचारलं होतं, घोडी विकतोस का. ते धाऊने मनात जपून ठेवलं होतं. त्यातून त्याच आठवड्यात लडकूने भिंतीला चुना मारला होता. चुना उडाला, नाही तर उडवला, आणि नाही तर नजर तरी नक्कीच लावली. धाऊने लडकूशी बोलणं बंद केलं. बिचाऱ्या लडकूला कळेना आपण काय केलं.

डॉक्टरला बोलवायला धाऊ तयार नव्हता. शेवटी भागीने लडकूच्याच जीपमधून निरोप धाडला आणि मुरबाडहून डॉक्टर प्रज्वल देसले आला. तरुण पोरगा, गावात सगळे त्याला प्रज्वल डॉक्टरच म्हणायचे. त्याने ओली कागदाची पट्टी डोळ्याला लावली, डोळ्यात हिरवा रंग पसरला आणि पाण्याबरोबर निघून गेला. मग टॉर्च मारून बराच वेळ बघितलं. म्हणाला, वर जखम नाही, डोळा आतून सुजलाय. घोड्यांना होतो हा आजार. जातो आणि परत येतो. पूर्वीच्या लोकांना वाटायचं, चंद्राच्या कलेबरोबर येतो. प्रत्येक वेळी थोडी नजर घेऊन जातो, म्हणून वेळीच आवरायचा. त्याने थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या. एक बाहुली मोठी करून आतलं दुखणं कमी करणारी, दुसरी सूज उतरवणारी. दुसरी बाटली दाखवून त्याने बजावलं की डोळ्याला जखम नसेल तरच ही चालते, म्हणून तर आधी रंग घालून बघितलं. घोडीला सावलीत ठेवा, आणि दुसरं काही घालू नका.

धाऊने मान हलवली. त्याच्या मान हलवण्याला होकार समजायचा नसतो, हे डॉक्टरला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाऊने डोळा बघितला आणि हबकला. बाहुली ही एवढी मोठी झालेली, उघड्या विहिरीसारखी. घोडी उजेडाकडे तोंड करीना. डॉक्टरने काल सांगितलं होतं की बाहुली मोठी होईल, पण सांगितलं म्हणून काय झालं. धाऊच्या मनाने घेतलं की या पोराने डोळ्याला भोक पाडलं. भागी समोर उभी राहायची म्हणून थेंब टाळता आले नाहीत. पण संध्याकाळी भागी चुलीपाशी गेली की धाऊ आपलं काम करायचा. तंबाखू आणि मीठ एकत्र चावायचं, घोडीचं तोंड धरायचं आणि डोळ्यात फुंक मारायची. त्याच्या बापाने कितीतरी बैलांच्या डोळ्यांतलं पांढरं फूल असं घालवलं होतं. गावात कोणाच्याही बैलाच्या डोळ्यात फूल पडलं की म्हाताऱ्याला बोलावणं यायचं. त्या फुंकीवर धाऊचा विश्वास होता असंही म्हणता येत नाही. श्वास घेण्यावर कोणी विश्वास ठेवतो का, तसंच ते.

कवडी पहिल्या फुंकीला नुसती थरथरली. पुढे पुढे मान झटकायला लागली. धाऊला वाटलं, औषध लागतंय. लागल्याशिवाय गुण येत नाही.

डोळा सुधारेना. प्रज्वल पुन्हा आला तेव्हा त्याच्याबरोबर एक बाई होत्या. डॉक्टर रंजिता. शहापूरकडे हायवेला मुंबईवाल्यांचा एक घोड्यांचा फार्म आहे, तिथे त्या येतात. कॉलेजात प्रज्वलच्या पुढे होत्या. जनावरांच्या डॉक्टर तर होत्याच, वर चिनी पद्धतीचं शिकून आल्या होत्या, सुया टोचून आणि पाल्याची पूड देऊन करायचं ते. प्रज्वल म्हणाला, त्यातलं मला फार कळत नाही. पण हा आजार उलटून येतो, घोडीला दुखतंही खूप, तर दोन्ही बाजूंनी करून बघू.

चायनीज म्हटल्यावर धाऊला आठवली ती मुरबाडच्या स्टँडजवळची नूडल्सची लाल गाडी आणि एका पावसात बंद पडलेली टॉर्च. चायना माल. तो दाव्याजवळ जो उभा राहिला तो हलेना.

रंजिताबाईंनी कवडीच्या मानेवरून हात फिरवला, कपाळावर फिरवला, आणि केसासारख्या बारीक सुया काढल्या. डोळ्याच्या वरच्या हाडाशी एक, खाली एक, कानामागे, मानेवर, पुढच्या पायाला. सुया टोचलेली वस्तू धाऊने आजवर एकच बघितली होती, तिठ्यावर टाकलेलं लिंबू. तिथून लोक पाय चुकवून जातात. ही बाई त्याच्या घोडीचं लिंबू करत होती, आणि डॉक्टर बाजूला उभा राहून बघत होता. भागीने त्याचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता म्हणून बरं.

आणि कवडी? तिने खालचा ओठ लोंबता सोडला, एक मागचा पाय सैल केला आणि डुलक्या घ्यायला लागली. माणसाला हायसं वाटावं. धाऊला वाटलं सुईला भुलीचं औषध लावलंय.

सुया काढून झाल्यावर बाईंनी पूड दिली, कोंड्यातून खायला घालायची. चीनमध्ये म्हणे यकृत आणि डोळा यांचं नातं मानतात, डोळा बिघडला की यकृत थंड करतात. प्रज्वल दुसरीकडे बघत हसला. बाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी धाऊला स्पष्ट सांगितलं, "काका, हे थेंबांच्या ऐवजी नाही. थेंब सोडायचे नाहीत. हे फक्त त्यांच्या जोडीला."

बाई गेल्यावर भागीने पूड हातावर घेतली. त्यात एक दाणा अख्खा राहिला होता. तिने तो दातांनी फोडला आणि हसू दाबत म्हणाली की हा तर टाकळा. आपल्या बांधावरचा, पावसाळ्यात आपण भाजी करतो तो.

मग काय विचारता. चोर सापडल्याच्या आनंदात धाऊने पुढच्या खेपेला बाईंना अडवलं. आमचाच टाकळा आम्हाला चीनचा सांगून देता काय. बाईंनी सरळ कबूल केलं. हो, टाकळ्याचंच बी. तिकडेही ते भाजून डोळ्यासाठी देतात, त्यात शेवंतीची फुलं घालतात. यात लपवायचं काय. तुमच्याकडे असेल तर तुमचंच द्या, माझं आणायचं वाचेल. इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर संशयी माणसाची पंचाईत होते. धाऊ दिवसभर विचार करत बसला की हिने कबूल का केलं असेल.

इकडे डोळा बिघडतच चालला. आता बुबुळावर मधोमध पांढरं गढूळ दिसत होतं आणि कवडी खात नव्हती. पुढच्या खेपेला प्रज्वलने पुन्हा हिरव्या रंगाची पट्टी लावली, आणि या वेळी रंग पसरून निघून गेला नाही. बुबुळाच्या मध्यावर हिरवागार ठिपका तसाच राहिला. प्रज्वलचा चेहरा उतरला. जखम. तीही खोल. आणि सूज उतरवणारी ती दुसरी बाटली अशा जखमेवर म्हणजे आगीत तेल. ती त्याने तिथल्या तिथे खिशात घातली.

"हिला दुसरं काही औषध घातलंय का?" त्याने विचारलं. "घरचं, कोणी दिलेलं, काहीही?"

"औषध? नाय बा," धाऊ म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गंमत.

मग संशयाची हवाच सुटली. प्रज्वलने रंजिताबाईंना विचारलं, डोळ्याजवळची सुई कुठे सरकली तर नसेल. बाईंनी प्रज्वलला विचारलं, पहिल्या दिवशी रंग नीट बघितला होतास ना. दोघं अदबीने बोलत होते, पण शब्दांना धार आली होती. धाऊला दोघांवरही संशय होताच, वर कुंपणापलीकडून डोकावणाऱ्या लडकूवर होता. म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुखणं थांबवायला इंजेक्शन द्यायचं होतं. प्रज्वल म्हणाला, काका, तोंड धरा. धाऊ डावीकडून पुढे झाला. तंबाखू नेहमीप्रमाणे गालात होताच. कवडीने मान वर फेकली, कान मागे पाडले आणि मागे सरत गेली, इतकी की गोठ्याच्या कुडाला जाऊन धडकली. धाऊ थांबला. मग बाई पुढे झाल्या, तर कवडीने त्यांच्या हातात मुकाट तोंड दिलं. दुखऱ्या डोळ्याखालून बोट फिरवलं तरी हलली नाही. बाईंनी पुन्हा धाऊला बोलावलं. पुन्हा तेच झालं.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, ही तुम्हाला का भिते?"

धाऊ पेटला. माझ्या हातची भाकर खाते ती, मला भिते काय, तुमीच काय तरी केलाव तिला. तो आणखी बोलला असता, पण भागी मधेच अगदी सहज म्हणाली, "फुंकीला भिते ती. रोज सांजच्याला डोल्यात फुंक मारत्यात ना हे, तंबाखू-मिठाची. मना दिसतं चुलीपासून."

प्रज्वलने कपाळाला हात लावला. मी विचारलं होतं तुम्हाला, तो म्हणाला, औषध घातलं का म्हणून.

"औषध नव्हतं ते, डाक्टर," धाऊ म्हणाला. "तोंडातलं होतं."

प्रज्वलने त्याला समजावलं. दुखऱ्या डोळ्यात मीठ-तंबाखू रोज, आणि वर ते थेंब, जे जखम भरू देत नाहीत. तुमचा एकटा उपाय किंवा माझं एकटं औषध, कदाचित इतकं झालं नसतं. त्याच्या सांगण्यात राग होता, पण टोमणा नव्हता. धाऊने ऐकून घेतलं आणि त्याला वाटायचं तेच वाटलं. दोघा डॉक्टरांनी मिळून बालंट आपल्यावर ढकललं. भागीलाही फितवलं. बापाने एवढे बैल बरे केले ते काय उगाच.

आता या माणसाच्या स्वभावातली एक गोष्ट मान्य करायलाच हवी. तो दुसऱ्याचा शब्द मानत नाही, पण जिभेवर ठेवून बघायला कधी मागे हटत नाही. सगळे गेल्यावर तो गोठ्यामागे गेला. तंबाखू-मीठ चावलं, बोटावर घेतलं आणि पापणी ओढून स्वतःच्या डोळ्यात घातलं.

भागीला ओरडणं ऐकू आलं तेव्हा तो पाण्याच्या टाकीत डोकं घालून होता. एका डोळ्यासाठी दोन्ही डोळे मिटले होते, नाकातून पाणी चाललं होतं, टाकीची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती. ती पाणी मारत राहिली. बऱ्याच वेळाने आग कमी झाली आणि धाऊ खाली बसला. त्याचा डोळा धड होता. त्यात सूज नव्हती, जखम नव्हती. आणि तोंड धरून कोणी पुन्हा पुन्हा घालणार नव्हतं. हे सगळं त्याच्या लक्षात आलं आणि तो लहान मुलासारखा रडला. कवडीपाशी जायला उठला, दारापर्यंत गेला, आणि आत जायचं धाडस झालं नाही.

पुढचे दिवस धाऊने आयुष्यात सगळ्यात अवघड काम केलं. दुसऱ्यांच्या हाती सोपवून लांब बसला. प्रज्वलने कवडीच्याच मानेतून रक्त काढलं, ते बाटलीत थोडा वेळ उभं ठेवलं आणि वर आलेलं पिवळं पाणी वेगळं केलं. ते जखम भरायला घालायचं, जोडीला जंतू मारणारे थेंब, बाहुलीचे थेंब. पिवळं पाणी थंडीत ठेवायचं, आणि आळीत फ्रिज होता तो लडकूकडे. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा लडकू बाटली घेऊन येणार, तोंड धरणार आणि भागी थेंब सोडणार. ज्या लडकूवर धाऊचा पहिला संशय होता, त्याच्या खांद्यावर आता कवडी हनुवटी टेकत होती. धाऊ पडवीतून बघायचा. त्याला हेवा वाटायचा, आणि हेवा वाटायची लाजही वाटायची. तंबाखूची पुडी त्याने चुलीत टाकली. रंजिताबाई येऊन सुया लावून जायच्या, तेव्हा तो भागीला एवढंच विचारायचा, आज झोपली का ती. टाकळ्याचं बी त्याने स्वतः पाखडून, भाजून दिलं. एवढंच काम त्याच्या वाट्याला राहिलं होतं.

लडकूशी तो बोलला तेही बाटलीच्या निमित्तानेच. म्हणाला, तुझ्यावर मी लय वंगाळ बोललो रे, मनातल्या मनात. लडकू म्हणाला, मनातल्या मनात बोललास त्याला काय करायचं, बाटली धर.

होळीच्या आधी दोन्ही डॉक्टर एकदमच आले. हिरवा रंग घातला. पसरला आणि पुसून निघून गेला, कुठे थांबला नाही. जखम भरली होती. बुबुळाच्या मध्यापासून जरा बाजूला मसुरीएवढा पांढरा डाग राहिला, तो राहणार होता. प्रज्वल म्हणाला, डोळा वाचला. आतली सूज कधी परत आलीच तर त्याच दिवशी मला कळवायचं.

"दिसतं का तिला?" धाऊने पडवीतूनच विचारलं. त्याला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

प्रज्वलने डोळ्यासमोर हात हलवला. कवडीने पापणी मिटली, पण हाताच्या वाऱ्यानेही मिटते, म्हणाला. कापसाचा बोळा सोडून बघितला. नक्की काही सांगता येईना. आता या घोडीला कोणाकोणाच्या हाताची सवय झाली होती, कशानेच ती दचकत नव्हती. रंजिताबाईंनी उजव्या डोळ्यावर फडकं बांधलं. मग त्या पडवीकडे वळल्या. सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही डाव्या बाजूने या. चपला काढून. बोलू नका."

धाऊला कळलं. त्याने चपला काढल्या. वारा त्याच्याकडेच येत होता, म्हणजे वास लागायची सोय नव्हती. अंगणातली माती मऊ होती, पावलांचा आवाज होत नव्हता. भागीने तोंडावर पदर धरला. कवडी उभी होती, कान सैल, शेपटीने माशा वारत होती. धाऊ तिच्या डाव्या बाजूला आला आणि आणखी एक पाऊल पुढे झाला.

कवडीची मान वर गेली. पांढरा डाग पडलेला डोळा त्याच्यावर रोखला गेला, कान मागे पडले, आणि ती दावं ताणत मागे सरली, कुडाला टेकेपर्यंत.

एरवी दुसऱ्याच्या शब्दाखातर कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या धाऊला आता कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"दिसतं तिला," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. "मना बराबर ओलखलं."

मग तिचं दावं सैल व्हावं म्हणून तो आला तसा, तिच्याकडे तोंड करून, हळूहळू मागे सरला.